खाडा

त्या दिवशी सकाळी माऊलीभाऊंनी मला सरळ विचारलं होतं, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बबितानं आपल्या सोयीचं तेवढंच सांगितलं.

धारूरच्या मागं, जिथं घाट उतरायला लागतो, तिथून आत दोन किलोमीटरवर माऊलीभाऊंची दहा एकर बरड जमीन आहे. सीताफळ आणि दगड, एवढंच तिथं येतं. अठरा वर्षं फौजेत काढून ते परत आले तेव्हा भावकी म्हणाली, बोअर घ्या, काहीतरी लावा. त्यांनी तंबू लावले. फौजेत डोंगरावर दोर बांधायचं काम केलेलं, तेवढीच विद्या हाताशी होती. आता तिथं शाळांच्या सहली येतात. शनिवार-रविवार लातूर-संभाजीनगरची नोकरदार मंडळी येते, हुरडा खाते, किल्ला चढते आणि अर्ध्यात दम लागला की फोटो काढायला थांबलो म्हणते. जवळच्या म्हाळूच्या कड्यावरून लोकांना दोरानं खाली उतरवणं हे आमचं मुख्य काम. कडा साठ फुटी आहे. म्हाळू कोण होता ते कुणालाच माहीत नाही. शेळ्या चारणाऱ्यांनी ठेवलेलं नाव आहे.

सहा वर्षं मी त्या कड्याच्या वरच्या टोकाला उभी असायचे. उतरणाऱ्याला दोन दोर असतात. एक त्याच्या कमरेजवळच्या लोखंडी कडीतून ओवलेला; तो त्यानं उजव्या हातानं सोडत-आवरत उतरायचं. दुसरा त्याच्या पट्ट्याला बांधलेला आणि वर माझ्या हातात. पहिला सुटला तर दुसरा धरतो, म्हणजे मी धरते. शाळेच्या मुलींना बाईमाणूस लागतं म्हणून भाऊंनी मला घेतलं होतं, पण वर्षभरात ते चांगल्या धिप्पाड बाप्यांनाही माझ्याच हाती द्यायला लागले.

जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडं निम्मी गावं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. ज्या पोरी मागं राहतात त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृह असतं. अशाच एका वसतिगृहाच्या अडतीस पोरी आदल्या दिवशी आल्या होत्या, सोबत त्यांना सांभाळणाऱ्या सरस्वतीबाई. दरवर्षी अशी एक तुकडी भाऊ फुकट घेतात. भाऊंचे आईबापही उसातलेच. आमचा तिसरा गडी हरिओम नेमका त्याच दिवशी चुलतबहिणीच्या लग्नाला माजलगावला गेलेला.

चहा घेता घेता भाऊ म्हणाले, "हरिओम न्हाई. वर तू एकटी, खाली म्या एकटा. जमंल का? तुपला गुडघा कसा हाय?"

"गुडघ्याला काय झालंय?" मी म्हटलं.

"न्हाई, काल जरा लंगडत हुतीस."

"चप्पल चावलीय, भाऊ. काही न्हाई झालं."

गुडघा रात्रीपासून सुजला होता. सकाळी भिंत धरून उठले होते, पट्टी करकचून आवळली होती आणि वरून ढगळ पँट घातली होती. तरी मी तोंड वर करून खोटं बोलले. का बोलले, ते सांगायचं तर आधी उसाच्या फडात जावं लागेल.

उसाच्या कामात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. दोघांतल्या एकानं जरी एक दिवस दांडी मारली तरी त्याला खाडा म्हणतात, आणि खाड्याचा दंड मुकादम कापून घेतो. ताप आला तरी खाडा, पाळी आली तरी खाडा, गावाकडं कुणी मेलं तरी खाडा. माझी माय कडूबाई आणि बाप सटवा यांनी असे बावीस हंगाम केले. इतर बाया गळ्यातलं दाखवतात, तशी माझी माय सांगते, "बावीस सालात मपला एक खाडा न्हाई." बाप जाऊन चार वर्षं झाली. त्याचे पडले होते तीन-चार, ते ती अजून बोलून दाखवते. लहानपणी आम्ही पडलो, खरचटलं, तर कुणी विचारायच्या आत "काही न्हाई झालं" म्हणत उठायचो. हेच आमचं बाळकडू. मला आरती अर्धीच येते, पण हे वाक्य झोपेतसुद्धा चुकणार नाही.

आईबाप उसात, म्हणून मी नांदूरघाटला आत्याकडं शिकायला होते. तिथं धर्मराज सर आम्हाला व्हॉलीबॉल शिकवायचे. सरांची अडचण अशी की जुलैत मैदानावर अठरा पोरी असायच्या आणि दिवाळीनंतर, ऐन स्पर्धांच्या दिवसांत, सात-आठ उरायच्या. कोण जाणार आणि कोण राहणार, हे मुकादमाच्या ट्रकात सामान चढेपर्यंत कळायचं नाही. दुसऱ्या शाळांत एक पोर बॉल उचलून देणारी, एक मारणारी, एक अडवणारी, असं पक्कं ठरलेलं असायचं. सरांनी आम्हाला प्रत्येकीला सहाही जागा शिकवल्या. "उद्या कोण न्हाई हे देवालाच ठाऊक," ते म्हणायचे, "तवा एकेकीला सगळं आलं पायजे." बाहेरच्या संघांचे मास्तर आमचा खेळ बघून डोकं खाजवायचे. कुणाला अडवायचं हेच त्यांना समजायचं नाही, कारण आता उचलून देणारी पुढच्या घडीला उडून मारायची.

दहावीत असताना आम्ही राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्याला पोचलो. बरोबर सहा जणी. बाकावर पाण्याच्या बाटल्या होत्या, बदली पोर एकही नव्हती. पाच जणींवर खेळता येत नाही. एक बसली की संघ बाद. तिसऱ्या डावात मी जाळीपाशी अडवायला उडाले आणि खाली आले ती पलीकडच्या पोरीच्या पावलावर. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचं मला कानांनी ऐकू आलं. सर धावत आले.

"बबिता, काय झालं? खरं सांग."

"काही न्हाई झालं, सर."

सरांनी माझ्याकडं बघितलं, रिकाम्या बाकाकडं बघितलं आणि परत गेले. त्या बघण्याबद्दल सर पुढं माझ्याशी कितीदा तरी बोलले, म्हातारपणी तर माझ्यासमोर बसून रडले. मी त्यांना दोष देत नाही. मी खोटंच इतकं बेमालूम बोलले होते. वर आम्ही जिंकलोसुद्धा, आणि जिंकल्यावर कोण कुणाचा गुडघा बघतं?

मग राज्याच्या संघात निवड झाली. तीन वर्षं खेळले. बाहेरगावी शिबिर असलं की मीच डॉक्टरच्या मागं लागून गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचे. राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या सामन्यात पाय होता तिथंच राहिला आणि मी वळले. त्यानंतर मी कधी उडाले नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी जुन्या दुखण्याची सगळी हकीकत विचारून घेतली आणि म्हणाले, "पहिल्याच दिवशी थांबली असतीस ना, तर सहा महिन्यांत खेळायला लागली असतीस." मी एकोणीस वर्षांची होते. माय भेटायला आली. तिनं एवढंच विचारलं, "पुरी खेळलीस ना?"

"खेळले."

"मग झालं."

तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. तो बघून मलाही तेव्हा बरं वाटलं, याचं मला आज वाईट वाटतं.

नंतरच्या नऊ वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. लग्न झालं, मोडलं. शिवणयंत्र घेतलं, विकलं. मग एक दिवस माऊलीभाऊ दारात आले. मी खेळायचे हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. म्हणाले, "दोर धरायला बाई पायजे. शिकवतो म्या." शिकताना माझे हात आडवे यायचे. व्हॉलीबॉलमध्ये बॉल हाताला टेकला की लगेच सोडायचा असतो. क्षणभर जरी धरून ठेवला तरी फाऊल. आठ-नऊ वर्षं सोडायला शिकलेल्या हातांना धरायला शिकवायचं म्हणजे भाऊंची परीक्षाच होती. पण एकदा जमलं तेव्हा असं जमलं की दोराला खाली कोण लटकलंय, भ्यालंय की मजेत आहे, ते मला न बघता कळायचं. आयुष्यात दुसऱ्यांदा मला काहीतरी चांगलं येत होतं. हाही दोर हातातून गेला तर माझ्याकडं तिसरं काही नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून सहा वर्षं मी गुडघ्याचं नाव काढलं नाही.

तर त्या दिवशी दुपारपर्यंत एकतीस पोरी उतरवल्या. सरस्वतीबाई उरलेल्यांना कड्यापासून लांब, रांगेत बसवून होत्या. प्रत्येक पोरीचा पट्टा तपासायला मला वाकावं लागायचं, आणि वाकून उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. बत्तिसावी सुनिता. तेरा वर्षांची, पण माझ्या खांद्याला खांदा लागेल एवढी उंच, लांब हातांची. हिला बॉल दिला पाहिजे, असं सकाळीच माझ्या मनात येऊन गेलं होतं. ही पोर दोनदा रांगेत मागं सरकली होती.

"भ्यालीस का गं?" मी विचारलं.

"न्हाई, ताई."

तिच्या स्वेटरची उजवी बाही पार बोटांपर्यंत ओढलेली होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्याशिवाय कुणाला दोरावर सोडायचं नाही, हा आमचा नियम आहे. सैल कापड कडीत ओढलं जातं. मी ती बाही बघितली. बघितली आणि सोडून दिली, कारण मी नुकतीच वाकून उठले होते आणि मला परत हात खाली घालायचा नव्हता. लवकर संपवून बसायचं होतं. हे मी कुणावर ढकलू शकत नाही.

वीसेक फूट ती नीट उतरली. मग माझ्या हातातल्या दोराला हिसका बसला आणि तो ताठ झाला. मी धरला. खालून पोरींची किंकाळी आली. कड्यावरून डोकावून बघितलं तर सुनिता खडकाला लगटून लटकलेली. तिचा उजवा हात दोरावरून सुटला होता आणि घाबरून तिनं तोच हात कडीवर नेला होता. स्वेटरची बाही कडीत ओढली जाऊन दोराबरोबर पिळून बसली होती. आता ती ना खाली जाऊ शकत होती, ना वर. पडणार नव्हती, मी धरलंच होतं. पण पट्ट्यात नुसतं लटकून राहिलं की पायांतलं रक्त वर येत नाही. दहा मिनिटं बरी, पंधरा मिनिटं वाईट, त्यानंतरचं भाऊ आम्हाला शिकवताना सांगायचे नाहीत.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. वरच्या माणसानं हातातला दोर खडकातल्या खुंटीला पक्का बांधायचा, शेजारी लावून ठेवलेल्या तिसऱ्या दोरावरून स्वतः खाली जायचं, अडकलेलं कापड कापायचं आणि पोरीला सोबत घेऊन उतरायचं. तीन मिनिटांचं काम. मी शंभर वेळा सराव केला होता.

"बबिता!" खालून भाऊ ओरडले. "दोर बांध अन् उतर! काय बघतीस?"

मी दोर बांधला. तिसरा दोर पट्ट्याला लावला. कड्याच्या तोंडाशी पाठमोरी उभी राहिले आणि खाली जायला गुडघे वाकवले. उजवा गुडघा वाकला आणि तिथंच अडकला. सरळ होईना. हातानं ओढून बघितला, तरी होईना. कळ अशी आली की तोंडातून आवाज निघू नये म्हणून मी ओठ चावला, आणि ओठ चावतानाच मला स्वतःची चीड आली. अजून लपवतेयस बबे? कुणापासून?

एका पायावर उतरेन असं मला वाटलं. खरं सांगते, आजही वाटतं. तेव्हा अंतिम सामना एका पायावर खेळलेच होते की. पण तेव्हा मोडलं ते माझं मी मोडलं होतं. इथं मी अर्ध्यात अडकले तर वर कुणी उरत नव्हतं, आणि खाली लटकलेली पोर माझ्यापायी लटकून राहिली असती. मला हे कळत होतं आणि तरी तोंड उघडत नव्हतं. खाली एकतीस पोरी, मागं सहा पोरी, सरस्वतीबाई, भाऊ. एकदा बोलले की हा दोर गेला. किती वेळ गेला कोण जाणे. सरस्वतीबाई नंतर म्हणाल्या, एवढा नव्हता. मला तो फार वाटला.

"भाऊ!" मी ओरडले. "मपला गुडघा गेलाय! सकाळपासनंच गेलाय! मला उतरता येत न्हाई. तुमी या!"

मग भाऊंचे बूट खडकावर वाजले. कड्याला वळसा घालून वर यायची वाट वीस मिनिटांची आहे आणि भाऊ चौपन्न वर्षांचे आहेत.

मी मागं सरकले, फरफटत कडेला येऊन पालथी पडले आणि डोकं खाली काढलं. सुनिता माझ्याकडंच बघत होती.

"सुनिता, पाय हलव. पावलं खडकाला लाव अन् दाब. दाब, सोड. थांबू नको."

तिनं पाय हलवले.

"आता सांग, हाताला काय झालंय?"

"काही न्हाई, ताई."

साठ फुटी कड्यावर लटकलेली, तोंड पांढरं पडलेलं, आणि म्हणते काही न्हाई! माझा ताबाच सुटला. "खोटं बोलू नको!" मी इतक्या जोरात ओरडले की मागच्या पोरी रडायला लागल्या. मग मी आवाज खाली आणला. "माझ्याकडं बघ. माझा गुडघा रात्रीपासून सुजलाय. भाऊंनी इचारलं तरी म्या सांगितलं न्हाई. म्हणून तू अशी लटकलीस. तुझी बाहीबी म्या बघितली हुती. चूक माझी हाय, तुझी न्हाई. आता तू सांग."

"मनगट," ती म्हणाली. "सकाळी पाणी आणताना पडले. कट्कन वाजलं, ताई."

"मग सांगितलं कावून न्हाईस?"

"बाईंनी आईला फोन केला असता. आईला कर्नाटकातनं यावं लागलं असतं." ती हुंदका गिळून म्हणाली, "खाडा पडला असता."

मी नुसती म्हणत राहिले, पाय दाब, सोड, दाब, सोड. ती करत राहिली आणि रडत राहिली. मीही रडत होते, पण वरून पडलेलं पाणी तिला कळलं नसावं.

भाऊ अकरा मिनिटांत आले. त्यांनी माझ्या पट्ट्यातून तिसरा दोर काढून स्वतःला लावला आणि गेले खाली. बाही कापली, पोरीला पोटाशी घेतलं आणि दोघं उतरले. तिचे पाय जमिनीला लागले तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्यानंतर मला वरून खाली आणायला सरस्वतीबाई आणि चार पोरी लागल्या.

धारूरच्या दवाखान्यात माझा गुडघा सरळ करून बांधला आणि सुनिताच्या हाताला प्लास्टर झालं. मनगटाचं हाड मोडलं होतं. पायांना काही झालं नव्हतं. सरस्वतीबाईंनी तिच्या आईला फोन लावला. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग ती बाई म्हणाली, "उद्या निघते. मुकादमाला काय सांगायचं ते म्या बघते." सुनिता ते ऐकून प्लास्टरवर डोकं ठेवून रडायला लागली. हात मोडल्यापेक्षा तिला याचं जास्त झालं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. समजावायला शब्द असते तर आधी मला लागले असते.

दुसऱ्या दिवशी पोरी गेल्यावर भाऊंनी मला बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सकाळी म्या तुला इचारलं हुतं, बबिता."

"हो."

"तू तवाच सांगितलं असतंस तर म्या कडा बंद ठेवला असता. पोरींला किल्ला दाखवून धाडलं असतं. काय बिघडलं असतं?"

"काही न्हाई."

"शेवटी बोललीस ते बरं केलंस. न्हाईतर आज आपण दोघं तोंड दाखवायला राहिलो नसतो." त्यांनी माझ्या पट्ट्याकडं बोट दाखवलं. "पण आता तू दोरावर न्हाई. गुडघ्याची गोष्ट न्हाई करत म्या. मला तुझं 'काही न्हाई' आता खरं धरता येणार न्हाई."

मी माझा पट्टा आणि हातमोजे त्यांच्यापुढं ठेवले. तंबूत काम आहे, स्वयंपाकाचं बघ, असं ते म्हणाले. मी बघते म्हणाले आणि निघाले. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. माझं काही झालं नाही. एकदा लपवून गेलं आणि एकदा सांगून गेलं, दोन्ही वेळा जाताना सारखंच दुखलं. फरक एवढाच की या वेळी पोर जिवंत घरी गेली.

वस्तीवर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. लंगडत आले तरी तिनं वर बघितलं नाही. मी पायरीवर टेकले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, दोरावरचं काम गेलं.

"कावून सांगितलंस पण?" माय म्हणाली. "एका पायावर उतरली असतीस. म्या असते तर उतरले असते."

"ठाऊक हाय मला!" मी भडकले. इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं. "तू उतरली असतीस. तुझंच ऐकून ऐकून म्या गुडघा घालवला, माय. एकोणीस वर्सांची हुते. दवाखान्यात येऊन तू इचारलंस, पुरी खेळलीस ना. दुखतंय का, हे न्हाई इचारलंस. आजपातूर न्हाई इचारलंस."

माय शेंगा फोडत राहिली. दोन-तीन शेंगा फोडल्या आणि दाणे टरफलांतच टाकले. मग हात थांबले.

"एक सांगते," ती खाली बघत म्हणाली. "तुझ्या बापालाबी न्हाई सांगितलं कधी. तू फडावरच झालीस, कारखाना पाच दिस बंद हुता तवा. पाचवी पुजली, अन् सहाव्या दिवशी म्या मोळी डोक्यावर घेतली. त्याच दिवशी अंग खाली आलं."

मला आधी कळलंच नाही. "अंग म्हंजी?"

"पिशवी, गं. बाळाची. खाली येती. हातानं आत सारायची अन् कामाला लागायचं. पुढचे समदे हंगाम तसंच केलं. आताबी येती."

तिच्या धुण्यात कायम जुन्या लुगड्याच्या घड्या असायच्या. ती मोळी बांधल्यासारखी पाय जुळवून बसायची. पाणी शेंदताना मध्येच भिंतीला टेकायची आणि मी हसून म्हणायचे, म्हातारी झालीस. एका घरात राहून मी हे सगळं रोज बघितलं होतं.

"किती वर्सं झाली?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"तुझं वय काय आता?"

"चौतीस."

"तेवढीच."

मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि तिला जवळही घ्यायचं होतं. दोन्ही जमलं नाही. मी म्हटलं, "उद्या अंबाजोगाईला जाऊ. तिथं मोठा दवाखाना हाय. आपरेशन होतं याचं."

"उद्या शेंगा..."

"माय, दुखतं का?"

तिनं तोंड उघडलं. काय म्हणणार ते मला पाठ होतं. पण ती थांबली, पदरानं नाक पुसलं, आणि लहान पोरीनं सांगावं तसं म्हणाली, "लई दुखतं, बबे."

मग तिनं मांडीवरचं सूप बाजूला सारलं आणि माझ्यापुढं हात केला.

"उठव मला," ती म्हणाली.